पट्टीखालचा पक्षी

१

“मर्ना, पक्षी गेला!”

थियाचा आवाज असा काही फाटला की माझ्या हातातली निम्मी कॉफी बुटावर सांडली. आदल्या संध्याकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हताच. दुसऱ्या दिवशी सॅगिनॉच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा वर्षातला मोठा मेळा, आणि आमच्या गॅरेजने नव्यासारखी केलेली गाडी पहिल्यांदाच सुवर्णपदकासाठी उभी राहणार. अशा सकाळी कुणी किंचाळलं की काळजाचं पाणी होतं.

धावत गेले. थिया गाडीच्या उघड्या बॉनेटखाली वाकली होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात आमचा लांब दांड्याचा छोटा आरसा.

“नीट बघ,” मी म्हटलं. “आरसा तिरपा धरला असशील.”

“मर्ना, मी रोज सकाळी बघते. मला शिकवू नकोस!”

मी आरसा हिसकावून घेतला. रेडिएटरच्या डोक्यावरून गाडीच्या नाकात एक पत्र्याची पट्टी आडवी जाते, चार बोल्टांवर बसलेली. त्या पट्टीच्या खालच्या अंगाला पिवळ्या मेणखडूने काढलेला पक्षी होता. एकच पंख, एक चोच, तीन फटकाऱ्यांत काढलेला. आता तिथे नुसता काळा पत्रा होता.

हा पक्षी म्हणजे थियाचा बाप. हसू नका, सांगते. कॅस माझूर हा इथल्याच कारखान्यात, ज्या जागी या गाड्यांना ही पट्टी बसायची तिथे, उभा राहून काम करायचा. सत्तर सालच्या फेब्रुवारीत बर्फावरून त्याची गाडी घसरली आणि तो गेला. थिया तेव्हा पाळण्यात होती. बापाच्या हातचं तिच्याकडे काय, तर डबा बांधायच्या कागदाचा एक चिटोरा, त्यावर हाच पक्षी. आईसाठी तो रोज डब्याच्या कागदावर काढून ठेवायचा म्हणे. शाळेची बस चालवून थियाने ही केस्ट्रल गाडी घेतली ती एवढ्याचसाठी, की दारावरच्या पाटीप्रमाणे गाडी सत्तरच्या जानेवारीत बनली होती. आणि गंजू नये म्हणून थापलेलं डांबर खरवडताना पट्टीखाली आरशात हा पक्षी दिसला, तेव्हा ती बया आमच्या गॅरेजच्या फरशीवर बसून तासभर रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

“कुणी पुसला असेल गं?” तिने विचारलं.

माझं डोकं सणकलं. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडेच: मी, इंजिनवाला हर्शेल आणि रंगारी लाइल. मी सरळ फोन उचलला आणि वर्नाला बोलावलं.

२

वर्ना टॉलिव्हर कैक वर्षं मेळ्यांत परीक्षक होती. तिची काठी वाजली की मोठमोठे गाडीवाले रुमाल काढून बंपर पुसायला लागायचे. कंबर गेली म्हणून घरी बसली, जीभ मात्र जागेवर होती. आली तीच हातात कोनी डॉग, म्हणजे सॉसेज घातलेला पाव घेऊन, वर कांद्याचा डोंगर.

“रडणं बंद कर,” ती थियाला म्हणाली. “रडून डोळे सुजतात, मग दिसत नाही. खुर्ची द्या मला.”

खुर्चीवर बसून तिने पट्टीकडे वरून, खालून, आरशातून पाहिलं. मधेमधे खात होती. मला तर असं झालं होतं की हिच्या हातातला तो पाव काढून घ्यावा.

“पुसलेला नाही,” शेवटी ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मेणखडू पुसला की तेलकट डाग राहतो. इथे डाग नाही. ही पट्टीच वेगळी आहे. तुमची पट्टी नेली आणि ही बसवली.”

हर्शेल मागून म्हणाला, “नकली पट्टी? डेलच्या सुट्या भागांच्या दुकानात ढिगाने मिळतात.”

“नकली कुठली! अस्सल आहे. शिक्का बघ, जानेवारी सत्तर. कडेला कंपनीचा रंग ओघळलाय तोसुद्धा खरा.” वर्नाने बोटं चाटली. “मर्ना, जुन्या पट्टीवर कुठला शिक्का होता?”

“जानेवारीचाच असणार. गाडीच जानेवारीची आहे.”

“असणार? वाचला कुणी?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शिक्क्यावर डांबराचा थर होता. ते मी शेवटी काढीन, असं लाइल म्हणाला होता, आणि त्याचं शेवटी कधी आलंच नव्हतं.

“छान,” वर्ना म्हणाली. “चोर म्हणजे चांगलं नेणार आणि भिकार ठेवणार. हा तर अस्सल नेऊन अस्सल ठेवतो. आणि हे बघा, आरशात बघा, पट्टीच्या मधोमध. पिवळा कण दिसतो?”

दिसला. मोहरीएवढा. कुणीतरी मेणखडू पत्र्यावर टेकवला होता आणि तसाच उचलला होता.

“चोर पक्षी काढायला निघाला होता,” वर्ना म्हणाली, “आणि त्याचा हात अडला.”

३

हर्शेलवर माझा पहिला संशय. कारण तो आठवडाभर कुरकुरत होता.

“मी इथे इंजिन उभं केलं,” वर्नासमोर हात उडवत तो म्हणाला, “एकेक क्लिप त्या सालची शोधून आणली. आणि येणारा जाणारा काय बघतो? पक्षी! आरसा द्या, पक्षी दाखवा! माझ्या इंजिनकडे कुणी ढुंकून बघेल तर शपथ.”

“म्हणून पट्टी लांबवलीस?” मी विचारलं.

“मर्ना, मला काही चोरायचंच असतं तर मी तुझा तो रेडिओ चोरला असता, त्याने माझे कान तरी सुटले असते. आणि मी जानेवारीची अस्सल पट्टी आणणार कुठून? झाडाला लागतात?”

मुद्दा बरोबर होता, म्हणून मला आणखीच राग आला.

मग डेल प्रॉक्टर. हा जुने सुटे भाग विकतो आणि दिवसातून एकदा आमची कॉफी फुकट पितो. पक्ष्याची पट्टी मला दे म्हणून त्याने थियाच्या मागे भुणभुण लावली होती. काल दुपारी मी सीटची शिलाई मारत असताना तो गॅरेजात एकटाच घुटमळत होता. मी त्याला फोन करून बोलावलं आणि दारातच धरलं.

“खिसे उलटे कर!”

“अगं बाई, पट्टी माझ्या हाताएवढी लांब आहे, खिशात मावेल का?” डेल हसायला लागला. पण जानेवारीच्या पट्टीचं ऐकलं आणि त्याचं हसू मावळलं. तो पळत जाऊन बॉनेटखाली वाकला. “अस्सल! देवा रे! आणि कुणी ही फुकट बसवून गेला? मर्ना, माझ्याकडे ही असती तर मी काचेच्या कपाटात ठेवून रोज दर्शन घेतलं असतं. माझ्याकडे आहे ते एकोणसत्तरच्या नोव्हेंबरातल्या गाडीचं अख्खं नाक, गंजून चाळण झालेलं, डांबर थापलेलं. दर मेळ्याला नेतो आणि परत आणतो. कुत्रं विचारत नाही.”

“काल इथे काय करत होतास?” वर्नाने विचारलं.

“बातमी द्यायला आलो होतो. यंदाचा मुख्य परीक्षक नवा आहे. प्रत्येक शिक्का उघडा पाहिजे म्हणतो, आणि मालकाच्या तोंडावर मोठ्याने वाचून दाखवतो. डांबराखाली लपवलेलं चालणार नाही.”

“हे कुणाला सांगितलंस?”

“तू शिवत होतीस, मर्ना. लाइलला सांगितलं.”

वर्नाने मान डोलावली. मला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. लाइलला न सांगून कुणाला सांगणार? रंग त्याचा, डांबर त्याचं.

४

लाइल हॅस्किन्स कोपऱ्यात रंग ढवळत होता. डाव्या हाताने, नेहमीसारखा सावकाश. साठीला टेकलेला, तोंडातून दिवसाला दहा शब्द काढले तर खूप. पूर्वी पोर्ट ह्युरॉनला बोटी रंगवायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. थियावर त्याची माया होती. ती आली की तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचा.

“काल सगळ्यात शेवटी कोण निघालं?” वर्नाने विचारलं.

“मी.”

“पट्टी होती?”

“बघितली नाही.”

“बरं.” वर्नाने त्याला तिथेच सोडलं आणि थियाकडे वळली. मला हे पटेना. एवढ्यावर सोडायचं? मी मधे तोंड घालणार तेवढ्यात तिने काठी माझ्या बुटावर टेकवली. दाबलीच म्हणा ना.

“थिया, त्या पक्ष्याचा फोटो आहे?”

थियाने पाकिटातून फोटो काढला, आणि त्याच्या शेजारी तो डब्याचा कागद. दोन्ही पक्षी एकसारखे. एकच पंख, चोच डावीकडे.

“बघा ना,” थियाने दोन्ही वर्नापुढे सरकवले. “रेघ नि रेघ तीच. बाबांचाच हात.”

वर्ना किती वेळ फोटोकडे बघत बसली. मग तिने विचारलं, “ही कोपऱ्यात काळी कड कसली?”

“आरशाची. पट्टी गाडीवरच होती, मान कशी घालणार खाली? मी आरशातलाच फोटो काढला.”

“आणि आरशाशिवाय, पट्टी खाली उतरवून, पक्षी कुणी बघितलाय?”

“कुणीच नाही. साफ करायला उतरवली तेव्हा लाइलकडे होती. दुसऱ्या दिवशी आले तर त्यांनी परत बसवलीसुद्धा होती.”

वर्नाने खायचं थांबवलं. ते बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

“मर्ना,” ती हळूच म्हणाली, “बोल्टांवरचे हे पिवळे ठिपके तुझे?”

“तर! या गाडीवरचा प्रत्येक ठिपका माझा.” मी फुशारकीने म्हटलं. बोल्ट आवळून तपासला की कारखान्यात त्यावर पिवळा ठिपका द्यायचे. आमचा सगळा धंदाच हा: कंपनीने जे घाईघाईत सांडलं, ते आम्ही महिनोन्‌महिने मन लावून सांडतो. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या पुस्तकात आहे तसा वाटाण्याएवढा, गोल ठिपका मी काडीने देते.

“मग नीट बघ.”

बघितलं. फेंडरवरचे बोल्ट, बिजागऱ्यांवरचे बोल्ट, सगळीकडे माझे गोल वाटाणे. पट्टीवरच्या चारही ठिपक्यांना मात्र शेपूट होती. ब्रश टेकवून बाजूला फराटा ओढल्यासारखी, चारही एकाच दिशेला.

“हे माझे नाहीत,” मी म्हटलं.

५

“बसा सगळे,” वर्ना म्हणाली. “डेल, तूही. ती कॉफी खाली ठेव, फुकटची असली तरी.”

आम्ही बसलो. लाइल उभाच राहिला. मला एका जागी बसवेना, मी खुर्चीवर नुसती चुळबुळ करत होते.

“आधी शेपटी,” वर्ना म्हणाली. “उभ्या गाडीवर ठिपका दिला की तो मर्नासारखा गोल येतो. कारखान्यात गाडी उभी नसते. सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात असते. ब्रश टेकवेपर्यंत बोल्ट पुढे जातो, म्हणून तिथला माणूस हात ओढत ठिपका देतो. ज्याने ते वर्षानुवर्षं केलं, त्याचा हात गाडी थांबलेली असली तरी तसाच ओढला जातो. त्याच्या ध्यानातही येत नाही. काल ही पट्टी बसवणारा माणूस कधीतरी त्या पट्ट्यावर उभा होता.”

“इथे कोण होतं तिथे? कुणीच नाही,” हर्शेल म्हणाला.

“आता पक्षी. कॅसच्या कागदावर चोच डावीकडे. आरशातही डावीकडे. म्हणजे खऱ्या पत्र्यावर कुठे?”

मी मनातल्या मनात आरसा उलटा केला. “उजवीकडे,” मी म्हटलं.

“आपण सगळे मूर्ख. जन्मभर गाडीच्या पोटाखाली आरसा घालून बघतो, आणि आरशात दिसतं तेच खरं धरतो. पट्टीवरचा पक्षी उलटा होता. उजव्या हाताचा माणूस पक्षी काढतो तो बहुतेक डावीकडे बघणारा. डावखुरा काढतो तो उजवीकडे बघणारा.”

थिया उठली. “काय म्हणायचंय तुम्हाला?”

“शेवटचं सांगते, मग तू मला शिव्या दे.” वर्नाचा आवाज जरा मऊ झाला. “कुणी अस्सल जानेवारीची पट्टी फुकट का देईल? जुन्या पट्टीवर जानेवारी नव्हता, म्हणूनच. कधीतरी या गाडीचं नाक ठोकलं गेलं असणार आणि कुणीतरी नंतरच्या गाडीची पट्टी लावली. उद्या तो नवा परीक्षक महिना मोठ्याने वाचणार होता, तुझ्यासमोर. तू पक्षी कुणाचा म्हणून सांगितल्यावर.”

“बास कर, वर्ना,” लाइल म्हणाला.

तो बाहेर त्याच्या ट्रककडे गेला आणि फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेली पट्टी घेऊन आला. डांबर निघालेलं होतं. शिक्का लख्ख दिसत होता: एप्रिल.

थियाच्या बापाला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

माझ्या तोंडून एक अशी शिवी गेली की ती छापता येणार नाही. थियाने पट्टी उलटी करून पक्ष्यावरून बोट फिरवलं. चोच उजवीकडे.

“तुम्ही काढलात?”

“हो.”

“आणि मला वर्षभर इथे बसवून रडू दिलंत? रोज सकाळी मी त्याला बाबा म्हणून गुड मॉर्निंग म्हणत होते, लाइल! तुम्ही ऐकत होता!”

“ऐकत होतो.” लाइलने टोपी काढली. “पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं. पण तुझा चेहरा बघितला आणि माझी जीभ उचलेना. मग रोज ते जास्तच अवघड होत गेलं. काल डेलने परीक्षकाचं सांगितलं. घरी जानेवारीची पट्टी होती, कारखान्यातून आणलेली, गाडीवर न चढलेली, कधीची जपलेली. म्हटलं, तिच्यावर नवा पक्षी काढतो, कुणाला कळणार आहे? खडू टेकवला. नाही झालं. तिच्या बापाच्या नावाने खोटा पक्षी मी काढू शकलो नाही.”

“मग हा काय होता? हा खरा होता?”

एवढं बोलायची लाइलला सवय नव्हती.

“मी आणि कॅस समोरासमोर उभे राहायचो. पट्टी तो धरायचा, बोल्ट मी आवळायचो. गाडी सुटताना तो खालून पक्षी काढायचा. फोरमन ओरडायचा, तो हसायचा. आमच्याकडे एक रीत होती. पट्ट्यावरचा माणूस गेला की त्याची खूण थांबवायची नाही. त्या सालचं मॉडेल बंद होईपर्यंत समोरच्याने ती चालवायची. कॅस गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी काढायला लागलो. माझा उलटा यायचा, डाव्या हाताचा. प्रत्येक गाडीवर काढला, उन्हाळ्यात मॉडेल बंद झालं तोवर. फोरमनने मला त्यापायीच काढून टाकलं. मग बोटी रंगवायला गेलो. तो कारखाना पुन्हा तोंडातून काढला नाही.”

हर्शेल जमिनीकडे बघत होता. डेलने कॉफीला हातसुद्धा लावला नव्हता.

“तो तुझ्या बापाने काढलेला नव्हता,” लाइल म्हणाला. “पण होता त्याचाच.”

थियाने पट्टी छातीशी धरली आणि निघून गेली. गाडी तिथेच, बॉनेट तसंच उघडं. ती उद्या येणार की नाही, हेही आम्हाला कळेना.

६

आली. उजाडताच आली, डोळे सुजलेले, हातात पट्टी.

“ही बसवा,” ती लाइलला म्हणाली.

“पोरी, एप्रिलची आहे. गुण कापतील. सुवर्ण जाईल.”

“मला ठाऊक आहे. बसवा. आणि ठिपके तुम्हीच द्या, शेपटीवाले.”

मला वाटलं, हिला चार शब्द सुनवावेत. वर्षभराची माझी मेहनत होती त्यात! पण लाइल आधीच गाडीच्या नाकाशी वाकला होता, मी पाना पुढे केला.

सॅगिनॉला ऊन मी म्हणत होतं. नवा परीक्षक शिडशिडीत, नाकावर चष्मा. त्याने आरसा घातला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, “पट्टी, एप्रिल सत्तर. गाडी जानेवारी सत्तर. चूक.” मग भुवया उंचावल्या. “आणि हा पक्षी?”

“माझ्या बाबांचा,” थिया म्हणाली. “काढलाय यांनी.” आणि तिने लाइलच्या दंडात हात घातला.

आम्हाला रौप्य मिळालं. मी चरफडले, हर्शेल चरफडला. “निदान इंजिनचे सगळे गुण मिळाले,” तो परतपरत सांगत होता.

थियाला मात्र पदक घ्यायचंही भान नव्हतं. लांब दांड्याचा आरसा घेऊन ती मैदानभर हिंडत होती. केस्ट्रल दिसली की मालकाला विचारायची, जरा बॉनेट उघडाल का? लाइल मागे मागे. मार्च, मे, जून. ज्या ज्या पट्ट्या मूळच्या होत्या, त्या त्या पट्टीखाली पक्षी निघत होता. मालक लोक वेड्यासारखे आपल्याच गाड्यांखाली वाकून बघायला लागले. आरशात सगळ्या चोची डावीकडे. सगळे लाइलचे. फेब्रुवारीआधीच्या गाड्यांच्या पट्ट्या मात्र कुठे बदललेल्या, कुठे घासून नव्याने रंगवलेल्या.

मला तिची ती धावपळ बघवेना. बस झालं, चल, काहीतरी खा, असं म्हणायला मी तिच्यामागे निघाले. ती मैदानाच्या टोकाला सुटे भाग विकणाऱ्यांच्या गवतावर पोचली होती. डेलच्या चादरीपुढे. चादरीवर ते गंजकं नाक पडलं होतं, नोव्हेंबरचं, पट्टीसकट.

“हे?” डेल म्हणाला. “हे तर कुत्रं...” आणि तो मधेच थांबला.

लाइल गुडघ्यांवर बसला. खिशातली खरवडणी काढून पट्टीखाली हात घातला आणि अंदाजाने डांबर खरवडायला लागला. काळे पापुद्रे गवतावर पडत होते. मी माझ्याच ॲप्रनची दोरी पिळत उभी होते.

मग थियाने आरसा खाली सरकवला.

पिवळा रंग मला वरूनही दिसला. थियाने पाकिटातला कागद आरशाशेजारी धरला, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. कागदावर चोच डावीकडे होती. आरशात पक्षी उलटा होता, चोच उजवीकडे.

लाइलने टोपी काढली. “हा कॅस,” तो म्हणाला.

थियाने आरसा गवतात टाकून दिला, पाठीवर आडवी झाली, आणि त्या गंजक्या पत्र्याखाली स्वतः डोकं घातलं.